पहिली प्रत घरी

मुरलीधर तांगडे यांच्याइतका भित्रा माणूस मी या धंद्यात पाहिला नाही. त्यांच्यासमोर हे म्हटलं असतं, तर त्यांनी मान हलवून "बराबर" म्हटलं असतं आणि उठून दाराबाहेर एकदा बघून घेतलं असतं.

जालन्यात मस्तगडला त्यांचा स्टुडिओ होता. खाली दुकान, वर घर. पाटीवर लग्न, बारसं, पासपोर्ट फोटो असं लिहिलेलं. त्यांचं खरं काम पाटीवर नव्हतं. जिल्ह्यातले पोतराज, गोंधळी, हलगीवाले, मोसंबीच्या बागेत पालं टाकून राहणारी राखणदारांची कुटुंबं, स्टीलच्या कारखान्यांत राबायला आलेली परप्रांतातली माणसं, पाण्याच्या टँकरपाशी वेगळी रांग लावावी लागणाऱ्या बाया, स्मशानाला वाट नसलेल्या वस्त्या, हे सगळं ते वर्षानुवर्षं टिपत होते. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होतो. आमच्याकडे ते छायाचित्रं द्यायचे, काही बाहेरच्या नियतकालिकांनाही द्यायचे. ऑफिसात सगळे त्यांना मुरलीभाऊ म्हणत.

पुढे ज्या गावाचा मजकूर येणार आहे ते हसनाबादच्या बाजूला आहे, यापेक्षा जास्त सांगत नाही. माणसांची नावं बदलली आहेत, मुरलीभाऊंचंसुद्धा. ज्यांना याची झळ बसू शकते त्यांना विचारूनच हे लिहिलं आहे.

त्यांच्याबरोबर पहिल्यांदा बातमीला गेलो तेव्हा गाव यायच्या आधीच त्यांनी मोटारसायकल थांबवली. डोक्यावरची टोपी काढून पिशवीत ठेवली. पिशवीत सगळ्यात वर एका लग्नाचा अल्बम होता, कॅमेरा त्याच्या खाली.

"हा अल्बम कुणाचा?" मी विचारलं.

"कुणाचा का असंना. कुणी अडवलं तर लग्नाचं गिऱ्हाईक बघायला आल्तो म्हणायचं. लग्नाचा फोटोवाला म्हणलं की लोक बसा म्हणतेत. पेपरवाला म्हणलं की कुठले म्हणतेत."

गावात शिरल्यावर त्यांनी गाडी वळवून, तोंड परतीच्या रस्त्याकडे करून लावली. किल्ली गाडीलाच ठेवली. मग पहिल्या घरी पाणी मागितलं. थोडं पुढे जाऊन दुसऱ्या घरी मागितलं. तहान नव्हती. परत येताना त्यांनी कारण सांगितलं.

"ज्याच्या घरचं पाणी प्यालो, ते माणूस एकदम अंगावर येत न्हाई. थोडा इचार करतंय. तेवढ्यात गाडीपाशी जाता येतं."

त्यांचे शर्ट सगळे मातकट रंगाचे होते. लग्नातसुद्धा ते भिंतीला टेकूनच उभे राहायचे. हॉटेलात पाठ भिंतीला लावून बसायचे. अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो सुमनवहिनींनी उचलायचा, अशी घरात रीत होती. वहिनी "मुरलीधर तांगडे गावाला गेले" म्हणायच्या आणि मुरलीभाऊ समोर बसून कान देऊन ऐकायचे.

"एवढं भ्या वाटतं, तर हे काम करता कशाला?" वहिनींनी माझ्यासमोर एकदा विचारलं. चेष्टेत विचारलं होतं, पण उत्तराची वाट पाहत थांबल्या.

"भ्या वाटतं म्हणून तर कळतं, कुठं बघायचं ते," ते म्हणाले. "गावात गेलो की मला ज्या गल्लीत जाऊ वाटत न्हाई, त्याच गल्लीत काहीतरी चालू असतंय."

"मंग दुसऱ्या गल्लीतून घरी यावं माणसानं."

"येतोच की. फोटो घेतला की पळूनच येतो."

हे पळून येणं खरं होतं. एका कारखान्यात भट्टीवर अपघात झाला होता. किती मजूर गेले, कुणी सांगत नव्हतं. मुरलीभाऊ फाटकाबाहेर उभे राहिले आणि पहारेकऱ्याने त्यांच्या पिशवीला हात घातला. ते पांढरेफटक पडले. मी थोड्या अंतरावर होतो. मला वाटलं आता मार बसणार. तेवढ्यात मुरलीभाऊ त्या पहारेकऱ्याला म्हणाले, "तुमचाच फोटो काढायला आल्तो. वर्दीतला. गावाकडं धाडला का कधी?"

पहारेकरी बिहारकडचा होता. त्याने पिशवी सोडली, टोपी सरळ केली आणि फाटकाला टेकून उभा राहिला. मुरलीभाऊंनी त्याचे दोन फोटो घेतले. हात इतके थरथरत होते की एक हललेला आला. तिथून आम्ही थेट जालन्यात येऊन थांबलो. मी धरून चाललो होतो की ती थाप होती. दोन-तीन दिवसांनी मुरलीभाऊ त्याच फाटकावर पुन्हा गेले, चांगला आलेला फोटो मोठा करून, पाकिटात घालून. पहारेकऱ्याने पाकीट घेतलं आणि मागच्या फाटकातून शववाहिका कधी निघणार ते सांगितलं.

मुद्दा पाकिटाचा आहे. ज्याचा फोटो काढला त्याच्या घरी पहिली प्रत पोचवायची, मगच तो फोटो बाहेर द्यायचा, हा त्यांचा नियम होता. चौकटीत जितकी ओळखू येणारी माणसं, तितक्या प्रती. कुणी नको म्हटलं तर फोटो ट्रंकेत जायचा आणि तिथेच राहायचा. एका पोतराजाच्या पाठीचा फोटो असाच गेला. आसुडाचे जुने आणि नवे वळ, त्यावर हळद. आमच्या संपादकांनी त्यासाठी पहिल्या पानावर जागा ठेवली होती. पोतराजाच्या बायकोने प्रत हातात घेतली, म्हणाली, "पोरगं साळंत जातंय हो. त्याचे दोस्त पेपर वाचतेत." मुरलीभाऊंनी फोटो परत पिशवीत घातला. संपादक फोनवर ओरडले. मुरलीभाऊ फोन कानापासून लांब धरून, डोळे मिटून ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "बिलकुल न्हाई, साहेब."

मला हा नियम वेळखाऊ वाटे. पण त्यामुळे ज्या वस्तीत दुसऱ्या कुणाला दार उघडत नसत तिथे मुरलीभाऊंना चहा मिळायचा, हे मी पाहत होतो.

चौकटीत कोण कोण आहे हे ओळखायचं काम सुमनवहिनींचं. प्रती त्याच काढायच्या. दुकानात मागे छपाईचं मशीन होतं. त्या भिंग घेऊन फोटोची एकेक बाजू बघायच्या, मागे पेन्सिलीने घराचं नाव लिहायच्या आणि त्या गावाला जाणारं माणूस गाठून पाकीट रवाना करायच्या. दूधवाला, बियाण्यांच्या दुकानात आलेला शेतकरी, एसटीचा ओळखीचा कंडक्टर. वहिनींच्या हातून पाकीट चुकल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या वेळीही ते चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं.

त्या गावात आबा म्हणून एक मोठे जमीनदार. सुमनवहिनींच्या माहेरकडून सोयरे. मुरलीभाऊ स्वतः शेतकरी घरातले, आबांच्याच समाजातले. दर पोळ्याला आबा त्यांना बोलवायचे. सजवलेल्या बैलांचे फोटो काढायचे, पुरणपोळी खायची आणि संध्याकाळी परत. थोरल्या मुलाच्या लग्नाचे फोटोही मुरलीभाऊंनीच काढलेले. त्या वर्षी मला पोळ्यावर एक सदर लिहायचं होतं, पण ऐन वेळी ऑफिसात अडकलो. मुरलीभाऊ एकटे गेले. पुढचं मी त्यांच्याकडून आणि नंतर इतरांकडून ऐकलं.

गावच्या वेशीवर तोरण बांधलेलं असतं. पहिली जोडी मानाची, म्हणजे आबांची. ती तोरणाखालून गेली की मागून बाकीच्या. आता बैल कमी झालेत. दोन-चार जणांनी ट्रॅक्टरलाच हार घालून रांगेत लावलं होतं आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत आली ती सुखदेवच्या बैलांना. सुखदेव दलित वस्तीतला. पुण्याकडे बांधकामावर राबून परत आलेला, बटईने जमीन करणारा, पहिल्यांदाच स्वतःची जोडी घेतलेला. वस्तीतले बैल तोरण उतरल्यावर, मागल्या वाटेने मारुतीला न्यायचे, असा तिथला रिवाज. सुखदेव ट्रॅक्टरच्या मागे रांगेत उभा राहिला. म्हणाला, "टायरला चालतं तर खुराला का चालत न्हाई?"

लोक हसले. काही जण खरंच हसले. आबांच्या थोरल्या मुलाने, रावसाहेबने, हातातल्या काठीने आधी बैलाच्या तोंडावर मारलं, मग सुखदेवच्या खांद्यावर, मग तो पडल्यावर डोक्यात.

मुरलीभाऊ वेशीच्या दगडाला टेकून उभे होते. त्यांनी एकच फोटो घेतला. मग कॅमेरा पिशवीत घालून ते चालत गाडीपर्यंत गेले. पळालो तर दिसेल, म्हणून चालत.

मोबाइलवर पोळा टिपणारे तिथे बरेच होते. संध्याकाळी आबांची माणसं घरोघरी फिरली. कुणाला धमकावलं नाही. "जरा मोबाइल बघू" एवढंच म्हटलं. दिवेलागणीपर्यंत गावात त्या मारहाणीची एकही चित्रफीत उरली नाही.

मुरलीभाऊंनी घरी येऊन कॅमेऱ्यातलं कार्ड वहिनींच्या हातात दिलं आणि ताप भरून वर जाऊन झोपले. फोटोत काय आलंय हे त्यांनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ओझरतं पाहिलं होतं. वर गेलेली काठी, खाली पडलेला सुखदेव. त्याच्यापलीकडे त्यांनी बघितलं नव्हतं.

वहिनींनी भिंग लावून बघितलं. डाव्या कडेला, वेशीला लागूनच असलेलं आबांचं दार होतं. दारातून बाहेर पडून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन पडलेल्या माणसाकडे निघाली होती. चेहरा स्वच्छ. वहिनींनी तिला लगेच ओळखलं. तिच्या लग्नाचा अल्बम त्यांनीच चिकटवला होता. ती रावसाहेबची बायको. वहिनींनी नेहमीप्रमाणे प्रती काढल्या. एक सुखदेवच्या घरची. एक सुनेच्या नावाने, आबांच्या घरची. रावसाहेबची पाठ होती, चेहरा अर्धाच, म्हणून त्याची वेगळी काढली नाही. तिथे काय झालं हे मुरलीभाऊंनी तापात धड सांगितलं नव्हतं. काठी वहिनींनाही दिसली, पण त्यांना वाटलं, पडलेल्याला पाणी द्यायला निघालेली बाई, तिचा तर चांगलाच फोटो आहे. सकाळी दूधवाला दोन्ही पाकिटं घेऊन गेला.

मुरलीभाऊ खाली आले तेव्हा नऊ-साडेनऊ झाले असतील. मशीनजवळ तिसरी प्रत पडली होती, दुकानाची. त्यांनी ती उचलली, कडा बघितली आणि विचारलं, "हिची प्रत?"

"धाडली की."

वहिनी सांगतात, ते खुर्चीत बसले नाहीत, जमिनीवर बसले.

त्यांनी मला बोलावलं. मी पोचलो तेव्हा ते आत बसून होते आणि शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. दूधवाल्याचा फोन लागला होता. त्याने पाकीट आबांच्या हातात दिल्याचं सांगितलं होतं.

"ती साक्षीदार झाली," मुरलीभाऊ म्हणाले. "नवऱ्याच्या विरोधात. तिला ठाव बी न्हाई. आन मी तिची साक्ष तिच्याच सासऱ्याच्या हातात नेऊन दिली."

मी म्हटलं, आपण त्या गावात फोन करू. ते म्हणाले, कुणाला? वडीगोद्रीला तिचं माहेर होतं. वहिनींनी नातलगांतून नंबर मिळवून, भलत्याच कारणाने फोन केला. तिच्या वडलांनी सांगितलं, पोळ्यापासून लेकीचा फोन लागत नाही.

सुखदेवला जिल्हा रुग्णालयात आणलं होतं. डोक्याला टाके, खांद्याचं हाड मोडलेलं. गुन्हा नोंदवला गेला होता, पण साक्षीला कुणी नव्हतं. त्याच्या घरीही पाकीट पोचलेलं होतं आणि त्याची बायको, शोभा, ते घेऊन दुकानात आली.

"भाऊ, हे पोलिसांला देते म्हणलं तर ते म्हणले, ज्यानं काढला त्याला आणा."

मुरलीभाऊंनी तिच्याकडून ती प्रत मागितली. दोन दिवस थांब म्हणाले.

"थांबूनच राह्यलो की आमी. आजून किती?"

"त्यात एक बाई हाय, शोभा. तिला इचारू दे."

शोभाने फोटोकडे बघितलं. बाईकडे तिचंही लक्ष गेलं नव्हतं. मग तिने प्रत काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "इचारा. पर तुमी बी त्यांच्यातलेच, हे मी इसरले व्हते." ती गेल्यावर मुरलीभाऊंनी तिच्यामागे दारापर्यंत जाऊन रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं. ती सवय होती.

दुसऱ्या दिवशी आबा स्वतः आले. मी आत, मशीनपाशी होतो. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, हातात काही नाही. बरोबर एक माणूस, तो बाहेर जीपपाशी उभा. वहिनींनी वाकून नमस्कार केला. आबांनी त्यांच्या माहेरची चौकशी केली, कोणाच्या घरी काय, पाऊस कसा आहे. चहा घेतला. बशीत ओतून, फुंकून, सावकाश. मग खिशातून पाकीट काढून प्रत काउंटरवर ठेवली.

"पाव्हणं, फोटो लई झ्याक आलाय."

मुरलीभाऊंनी रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"सून बी आलीय त्यात. तिला दावला. ती म्हणती, मी न्हाईच ही. आता बोला." ते हसले. "डोळे बारीक झाले आसतील तिचे. जरा मोठा करून द्या. चांगली फ्रेम करा, काचेची. समद्या घराला दिसाय पायजे. खर्चा किती व्हईल त्यो व्हऊ द्या."

"सूनबाई बऱ्या हायेत ना?" सुमनवहिनींनी विचारलं.

"बऱ्या म्हंजे? घरातच हायेत." आबा उठले. "तुमीच घेऊन या फ्रेम. पोळ्याला न सांगता निघून गेल्ते तुमी. आमच्या मंडळीला वाईट वाटलं."

जीप गेल्यावर मुरलीभाऊंनी मला विचारलं, "त्यांनी हात लावला आसल का तिला?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्या दिवसात ते प्रत्येकाला तेच विचारत होते.

फ्रेम करायची की नाही यावर नवरा-बायकोत भांडण झालं. वहिनींचं म्हणणं, बाईचा भाग कापून टाका आणि मोठा करा. मुरलीभाऊ म्हणाले, त्यांच्याकडं पुरा फोटो हाय, कापला तर त्याचा बी अर्थ निघल. आणि तिला बघायचं असेल तर त्या घरात शिरायला दुसरं निमित्त नव्हतं. फोटो पूर्ण छापला. काच बसवली.

मी बरोबर गेलो. पेपरवाला म्हणून नाही, फ्रेम धरून मागे बसायला. रस्ताभर काच माझ्या छातीला लागून होती. मुरलीभाऊ एका जागी थांबले, गाडीवरून उतरले, रस्त्याच्या कडेला जाऊन आले आणि म्हणाले, "मला जमंल असं वाटत न्हाई." मग पुन्हा गाडी सुरू केली. त्या दिवशी त्यांनी गावात कुठेही पाणी मागितलं नाही.

ओसरीवर आबा, रावसाहेब, भावकीतले दोघे. फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली. कागद काढला तसे सगळे पुढे सरकले. मोठ्या आकारात ते सगळं वेगळंच दिसत होतं. काठी, रक्त, बैलाच्या शिंगांना लावलेला बेगड. आणि कडेला ती बाई, एक पाय उंबऱ्याबाहेर. रावसाहेब एकदा बघून दुसरीकडे बघू लागला.

"च्या आना गं," आबा म्हणाले.

चहा घेऊन सून बाहेर आली. पदर पुढे ओढलेला. मुरलीभाऊ तिच्या हातांकडे, मनगटांकडे, चालण्याकडे बघत होते. मीही तेच बघत होतो. डाव्या हाताने तिने ट्रे धरलेला होता, उजवा नुसता टेकवलेला. आबांनी तिला थांबवलं.

"सूनबाई, ही कोन हाय? नीट बघून सांग. पाव्हण्यांनी लांबून आनलाय."

तिने फ्रेमकडे बघितलं. तिच्या बघण्यावरून कळलं, हा फोटो ती पहिल्यांदाच बघत होती. तिला तो दाखवलेलाच नव्हता. ट्रेवरचे कप एकमेकांना लागून वाजायला लागले.

"बोल की."

"म्या धाडलं व्हतं तिला." आवाज आतून आला. आबांची बायको दाराच्या आड उभी होती. म्हातारी, ठेंगणी, डोळ्याला मोतीबिंदूची हिरवी पट्टी. "सणाचा दिवस. दारात मानूस पडलंय. पानी दे म्हणलं म्या. का? काय चुकलं?"

आबांनी बायकोकडे बघितलं नाही, फ्रेमकडेही बघितलं नाही. पाहुण्यांसमोर घरच्या बाईशी वाद घालायचा नाही, ही त्यांची जुनी शिस्त असावी. "च्या घ्या," ते म्हणाले. आम्ही चहा घेतला. तो संपेपर्यंत रावसाहेब हाताची बोटं कडकड मोडत होता. मग आबांनी सावकाश सांगितलं की कॅमेऱ्यात, संगणकात जे काही असेल ते पुसलं जावं. सोयरीक जुनी आहे, ती राहावी अशी त्यांची इच्छा आहे. मुरलीभाऊंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. आबांना कळलं असं वाटलं.

निघताना मी गाडीकडे गेलो. मुरलीभाऊ मागे राहिले, चप्पल घालताना त्यांना वेळ लागत होता. गोठ्याच्या भिंतीपाशी सून शेणाची पाटी घेऊन उभी होती. मुरलीभाऊ मान खाली घालून, पायाकडे बघत बोलले. मला पुसट ऐकू आलं.

"बाई, चूक झाली माझ्याकडून. हा फोटो कोर्टात देऊ का? तुमी म्हणाल तसं."

"नका देऊ, भाऊ." तीही दुसरीकडे बघतच बोलत होती. "आत्याबाई खोटं बोलल्या. मला कुणी धाडलं नव्हतं. आजचा दिस त्यांनी काढून दिला. उद्याच्याला मला हितंच राहायचंय. दोन लेकरं हायेत."

"मंग सुखदेवचं कसं?"

तिने डाव्या हाताने पाटी कमरेवर घेतली. "तुमी व्हते ना तिथं?" ती म्हणाली. "तुमी पाह्यलं ना? मंग तुमी सांगा की. माझा फोटू कशाला पायजे?"

घरी आल्यावर मुरलीभाऊंनी वहिनींना एवढंच सांगितलं, "इतकी वर्षं मला वाटलं, फोटो घेतला की मला तोंड उघडायची गरज न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या संगणकात तो फोटो नव्हता. शोभाने दिलेली प्रतही नव्हती. कुठे गेलं, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला लिहावं लागलं असतं. त्याच दुपारी ते पोलीस ठाण्यात गेले आणि प्रत्यक्षदर्शी म्हणून जबाब दिला. सही करताना पेन दोनदा खाली पडलं, असं तिथल्या हवालदाराने नंतर हसत सांगितलं.

मग जे होतं ते झालं. लग्नाच्या ऑर्डरी बंद झाल्या. सोयऱ्यांच्या घरून पत्रिका येईनात. वहिनींच्या भावाने येणं सोडलं. एकदा दुकानाच्या काचेवर दगड आला, एकदा गाडीचे दोन्ही टायर कापलेले सापडले. मुरलीभाऊंना झोप लागेना. ते कॅमेरा घेऊन बाहेर पडायचे आणि चौकातून परत यायचे. माझ्या ऑफिसात येऊन बसायचे, आणि मी बाहेर निघालो की माझ्याबरोबर निघायचे, एकट्याने रस्ता ओलांडायला नको म्हणून. जबाब मागे घेता येतो का, असं त्यांनी मला विचारलं. मी वकिलाचं नाव सांगितलं. ते वकिलाकडे गेले नाहीत.

सुनेचं काय झालं हे बरेच दिवस कळलं नाही. पुढे सासू वारल्यावर ती मुलांना घेऊन वडीगोद्रीला माहेरी आली आणि तिथेच राहिली. उजवं मनगट तेव्हा मोडलेलं होतं, हे तिनेच मला सांगितलं. फोटो आला त्या दिवशी.

जिल्हा न्यायालयात मुरलीभाऊंची साक्ष झाली त्या दिवशी मी पत्रकारांच्या बाकावर होतो. मी त्यांना पाहिलं ते तेव्हा शेवटचं. त्यानंतर महिन्याभरात दुकान विकून दोघं जालन्यातून गेले. कुठे, ते मला ठाऊक आहे.

कॅमेरा आत नेऊ देत नाहीत. पिंजऱ्यात उभे राहिल्यावर हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. कधी खिशात घालत, कधी बाहेर काढत. समोर आबा, मागे भावकी, ओळखीचे सगळे चेहरे; त्यांतल्या निम्म्या लोकांच्या लग्नाचे फोटो त्यांनी काढलेले. शोभा आणि सुखदेव एका कोपऱ्यात.

आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली.

"तुमचा धंदा काय?"

"फोटोग्राफर."

"घटनेच्या वेळी कॅमेरा होता?"

"व्हता."

"मग फोटो कुठे आहे?"

"माझ्याजवळ न्हाई."

"फोटोग्राफर आहात, कॅमेरा होता, समोर एवढं घडलं म्हणता, आणि फोटो नाही." मागच्या बाकांवर हसू उठलं. "मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?"

मुरलीभाऊंनी उत्तर दिलं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ओठ हलत होते.

"मोठ्याने बोला," न्यायाधीश म्हणाले. "काही ऐकू येत नाही. पुन्हा सांगा, सुरुवातीपासून."

त्यांनी लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला. दाराकडे बघितलं नाही. रावसाहेबकडे बघितलं, पहिल्यांदाच, सरळ.

"मी वेशीच्या दगडाला टेकून उभा व्हतो," ते म्हणाले. आवाज फाटला, तरी ते थांबले नाहीत. "पहिली काठी बैलाला बसली. दुसरी खांद्यावर. तिसरी डोक्यात. काठी ह्याच्या हातात व्हती."

टंकलेखकाने विचारलं, "ह्याच्या म्हणजे कोणाच्या?"

मुरलीभाऊंनी कठड्यावरचा उजवा हात सोडवून घेतला आणि बोट उचललं. ते बोट खूप थरथरत होतं, पण कोणाकडे आहे हे सगळ्या कोर्टाला दिसत होतं.